जिन्यातल्या मुंग्या

आठवडाभर पाऊस उसंत घेत नव्हता आणि आमचे हे जिन्यातल्या भिंतीला नाक लावून मुंग्यांचे फोटो काढत होते. "बघ, अंडी घेऊन माडीकडे निघाल्यात! जुनी माणसं उगाच नाही सांगायची," म्हणत त्यांनी फोटो हवामानप्रेमींच्या ग्रुपवर टाकला.

झालं! शिंपीकाका म्हणाले, अजून पडणार. औषधवाला म्हणाला, छे, आता ओसरणार. निवृत्त मास्तरांना आधी भिंत पूर्वेची की पश्चिमेची ते हवं होतं.

इकडे पाणी उंबरा ओलांडून घरात आलं होतं. गाद्या, पिठाचा डबा, मिक्सर, सगळं मी एकटी माडीवर नेत होते.

"अहो, सरका तरी!"

"हळू, मुंग्या चिरडशील!"

"आईंना वर आणायचंय. पाय प्लास्टरमध्ये आहे त्यांचा, मला एकटीला झेपायच्या नाहीत."

"आलोच गं. मास्तर टाइप करतायत."

तिसऱ्यांदा हेच ऐकल्यावर मी तणतणत खाली गेले. पलंगाखाली चपला तरंगत होत्या. सासूबाई प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. जिन्यातलं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं.

"थांबा, त्यांना ओढूनच आणते," मी म्हणाले.

"राहू दे गं त्याला," सासूबाई म्हणाल्या.



"अंडी पोचवून झाली की त्या मुंग्यांनाच पाठव खाली."