कपाळावरचा चिखल

"सहा," अदीब म्हणाला. "लागोपाठ दोन छापे पडेपर्यंत सरासरी सहा वेळा नाणं उडवावं लागतं. पुढचं वाच."

चारुताने आधी त्याची रीत तपासली. अदीबचं उत्तर नेहमी बरोबर असायचं, पण रीत अशी, की इंटरव्ह्यू घेणाऱ्याने डोकं धरून बसावं.

"तिथे असं लिहिलंस तर हाकलून देतील," ती म्हणाली.

"हाकलायला आधी बोलावू तर देत! तारीख काय झाली आपली?"

"पुढे ढकललीय म्हटलं ना. मेल आलाय."

असा काही मेल आला नव्हता. इंटरव्ह्यू येत्या सोमवारीच होता. मुंबईत बीकेसीतली बडी ट्रेडिंग कंपनी, तिघांनाही बोलावणं, आणि एक वर्षाची मेहनत.

"हो, मलापण तेच कळलंय," प्रणित वहीतून मान वर न करता म्हणाला. "महिनाभर तरी काही नाही."

चारुताला हसू आलं. कुठलीही बातमी आपल्याला आधीच ठाऊक होती असं दाखवायची प्रणितला भारी हौस. थापसुद्धा सोडली नाही गड्याने!

मग तिचं हसू मावळलं. त्या दोघांना जाऊन बावीस दिवस झाले होते.

अदीबच्या अम्मीने बिर्याणीला बोलावलं म्हणून तिघं उरणला गेली होती. परतताना प्रणित गाडी चालवत होता, अदीब त्याच्या शेजारी, चारुता मागे. भर दुपारी समोरून कंटेनरचा ट्रेलर आला. चारुता आपली आपण बाहेर आली, अंगावर साधा ओरखडा नाही. पुढच्या सीटवरच्या दोघांकडे तिने एकदाच पाहिलं. दुसऱ्यांदा बघायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती खांदा कॉलनीतल्या या फ्लॅटवर वह्या न्यायला आली. प्रणितच्या काकांचा हा रिकामा फ्लॅट म्हणजे तिघांची अभ्यासाची जागा. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दोघं सतरंजीवर बसले होते. "किती उशीर?" अदीब म्हणाला होता.

ती किंचाळली नाही. चप्पल काढली आणि बसली.

तेव्हापासून ती रोज येत होती. आपण गेलो आहोत हे त्यांना माहीत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. कळलं तर ते निघून जातील, असं तिने मनाशी धरलं होतं. आणि ते जाणं तिला सोसलं नसतं. नोकरी मिळो न मिळो, हे दोघं हवे होते. म्हणून ती खोटं बोलायची, रोज नवं, आणि हळूहळू त्यात तरबेज झाली होती.

"हे बघ, मस्त आहे," अदीबने पान उलटलं. "तीन पोरं चिखलात खेळून येतात. तिघांच्याही कपाळाला चिखल. प्रत्येकाला बाकीच्या दोघांचं कपाळ दिसतं, स्वतःचं नाही. बाई म्हणतात, निदान एकाच्या तरी कपाळाला चिखल आहे, ज्याला स्वतःचं कळलं त्याने हात वर करा. पहिल्यांदा विचारतात, कुणी नाही. दुसऱ्यांदा, कुणी नाही. तिसऱ्यांदा तिघांचे हात वर. कसे?"

"एकमेकांना सांगायचं नाही ना?" प्रणितने विचारलं.

"अजिबात नाही. समज, मी त्यातला एक. माझं कपाळ स्वच्छ असतं, तर तुला एकटी चारुताच माखलेली दिसली असती. पहिल्या फेरीत ती गप्प राहिली, म्हणजे तिलाही कुणीतरी माखलेलं दिसतंय, आणि ते तूच, हे तुला दुसऱ्या फेरीत कळलं असतं. पण तू गप्पच. म्हणजे मीही माखलेला." अदीबने टाळी वाजवली. "कोण काय बोललं हे बघायचंच नाही यार. कोण बोललं नाही ते बघायचं."

मग त्याने फोन कानाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"अम्मी उचलतच नाही. इतके दिवस झाले."

चारुताने थाप तयार ठेवली होती. पण तिच्याआधी प्रणित घाईघाईने बोलला.

"नेटवर्कची बोंब असेल रे तिकडे. नको विचार करूस. जा, पाणी पिऊन ये."

अदीब स्वयंपाकघरात गेला.

चारुता प्रणितकडे बघत राहिली. ही थाप तिची होती. अशी थाप कोण मारतं, आणि कुणासाठी, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? म्हणजे प्रणितला ठाऊक होतं. अदीब या जगात नाही हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. स्वतःचं तेवढं बिचाऱ्याला कळलेलं नाही. तिला त्याची फार दया आली.

पण मग त्याने तिला का सांगितलं नाही? अदीब गेलाय, तरी रोज इथे येऊन बसतो, एवढी भयंकर गोष्ट माणूस पोटात ठेवेल? जो जिवंत आहे त्याला तरी बाजूला घेऊन सांगेलच की. बावीस दिवसांत प्रणितने तिला एकदाही बाजूला घेतलं नव्हतं.

तिने स्वतःचं कपाळ चाचपून पाहिलं.

प्रणित तिच्याकडेच बघत होता. किती मायेने बघत होता.

"घरी आई बोलते का गं तुझ्याशी?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. चिडलीय. न सांगता उरणला गेले ना, म्हणून."

"हो, चिडलीच असेल," प्रणित घाईघाईने म्हणाला. "नको विचार करूस."