डावा खांदा

दादांनी ब्रश डब्यात उभा केला आणि खुर्चीतच मागे रेलले. आज डावा खांदा झाला होता. अंगावरची शाल खांद्यावरून जशी वळते तशीच ती चित्रात वळली होती.

“आता गळा आणि चेहरा,” ते म्हणाले. “मग मी मोकळा.”

खिडकीपाशी बसलेल्या वहिनी उठल्या. शाल काढून घडी घातली आणि दादांना उठवायला हात पुढे केला.

दादा आणि वहिनी ही नावं मंडळाने दिलेली. गावातल्या चित्रकारांचं ते मंडळ दर रविवारी छापखान्यावरच्या लांबट खोलीत जमायचं, चहा प्यायचं आणि एकमेकांच्या चित्रांना नावं ठेवायचं. तिथल्या सगळ्यांची व्यक्तिचित्रं दादांनी केली होती. बायकोचं मात्र एकही केलं नव्हतं. दादांचं जुनं दुखणं उलटलं तेव्हा एक दिवस म्हणाले, बस गं खिडकीपाशी, तुझं राहूनच गेलं.

मंडळाची एक रीत होती. जाणाऱ्याच्या ईझलवर जे चित्र असेल ते खोलीतल्या समोरच्या भिंतीवर कायमचं लागायचं. अर्धवट असेल तर बाकीचे मिळून ते पुरं करायचे. दादांना त्याचीच धास्ती होती. मंडळाच्या चिटणिसांना आकाश असो की म्हैस, सगळ्यात पिवळा घालायची खोड. दादा त्यांच्या तोंडावर म्हणायचे, माझ्या बायकोला कावीळ करून ठेवशील तू. त्यावर सगळ्यांत आधी चिटणीसच हसायचे.

डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं. औषधं चालू राहिली आणि मन कशात तरी गुंतलेलं राहिलं, तर माणूस वर्षं काढतो. मन सुटलं की आमचा इलाज चालत नाही. वहिनी ते ऐकून घरी आल्या तेव्हा दादा ईझलपुढे होते आणि हेच म्हणत होते, हे झालं की मी मोकळा.

वहिनींनी काय करायचं ते त्याच दिवशी ठरवलं.

डावा खांदा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून, देवापुढे हात जोडून त्या बाहेरच्या खोलीत आल्या. दादा आत झोपले होते. वहिनींनी टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली, पिळली आणि खांद्यावरून हलक्या हाताने फिरवली. तैलरंग ओला होता, सहज सुटला. मग कोरडं फडकं, मग खालचा मातकट थर पुन्हा होता तसा. लग्न झाल्यापासून दादांचे ब्रश त्याच धूत आल्या होत्या. रंगाला कसं उतरवायचं हे हाताला ठाऊक होतं. याआधी उजवा हात असाच गेला होता, खिडकीची चौकट तर कितीदा. दर वेळी त्या खोटेपणाची क्षमा मागायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या.

सकाळी दादा बराच वेळ चित्रापुढे उभे राहिले.

“काल खांदा केला होता ना गं मी?”

“कुठे हो. रंग कालवलेत आणि दमून पडलात.”

“असं होय.”

त्यांनी ब्रश उचलला आणि खांद्याला पहिल्यापासून हात घातला. त्यानंतर त्यांनी असं काही विचारलं नाही. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

उलट दादा आता त्यांच्याकडे जास्त बघत बसायचे. ब्रश हातात तसाच, आणि नजर वहिनींच्या तोंडावर. मधूनच जुन्या गोष्टी काढायचे. आपली पहिली खोली जिन्याखाली होती ना? शेजारीण बहिरी होती, बरोबर? तुझ्या मामांनी लग्नात जावयाचाच कोट घातला होता, तो तपकिरी? वहिनी हो म्हणाल्या की मान डोलवायचे. उतारवयात माणूस हळवा होतो, असं वहिनींना वाटायचं. आयुष्यात एवढं बघितलं नव्हतं त्यांनी आपल्याकडे. त्या लाजायच्यासुद्धा.

रविवारी मंडळ उरकलं की चिटणीस घरी यायचे. पूर्वी त्यांच्या हसण्याने कपबशा वाजायच्या. आता दोघं दार लोटून हळू आवाजात बोलत. वहिनी चहा घेऊन गेल्या की गप्प होत.

दादा खचत गेले. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. लागू का पडत नाहीत ते त्यांना कळेना. रंगवणं कमी झालं तसं पहाटेचं कामही कमी झालं. मग एके दिवशी पुसण्याजोगं काहीच नव्हतं. वहिनी चिंधी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

त्याच आठवड्यात एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, दादा गेले.

दिवसकार्य झाल्यावर मंडळी रीतीप्रमाणे आपापले ब्रश घेऊन आली. चित्रात खिडकी होती, खुर्ची होती, शालीचा खालचा घोळ होता. वर कोणीच नव्हतं. कुणी सुरुवात करायची यावर हलकी कुजबुज झाली. चिटणिसांनी सगळ्यांना जरा बाहेर थांबायला सांगितलं.

“मी हात लावणार नाही, वहिनी. माझ्याच्याने व्हायचं नाही.”

वहिनी म्हणाल्या, पिवळा घातलात तरी चालेल, आता रागावणारं कोण आहे.

चिटणिसांना हसू आलं नाही.

“त्यांनी औषधं सोडली होती. तुम्ही हातावर ठेवलेली गोळी ते गिळत नव्हते. मला सांगितलं आणि वर शपथ घातली, हिला बोलायचं नाही म्हणून.”

वहिनींनी खुर्चीची पाठ धरली. एवढं जपलं, एवढं गुंतवून ठेवलं, आणि तरी? का, एवढंच त्यांनी विचारलं.

“म्हणाले, मी रोज रंगवतो आणि सकाळी ते कॅनव्हासवर नसतं. डोकं कामातून जात चाललंय माझं. एक दिवस हिलाच विचारीन, बाई, तुम्ही कोण. त्याआधी मला जाऊ दे.”