रविवारचे फोटो

आईच्या बाराव्याला लावायला फोटो हवा होता. डिचोलीच्या घरी बाबांचे दोन भिंगांचे जुने कॅमेरे कपाटभर होते. दर रविवारी आई साडी बदलून, अबोली माळून अंगणात उभी राही, “जाडी दाखवू नका हां!” म्हणून बजावे. बाबा मान खाली घालून कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत तिला न्याहाळत, मग खटका दाबत. “तिचे फोटो कुठे ठेवलेत, बाबा?” “नाहीत गो. रोल इथे मिळतच नव्हते. मी नुसतं तिला काचेत बघायचो.” “आणि ती विचारायची तेव्हा?” “धुवायला दिलेत म्हणायचो.” मी कपाटाचं दार लावलं. “तिला ठाऊक होतं,” बाबा म्हणाले. “इस्पितळात नेताना म्हणाली, ‘परत आल्यावर उभी राहीन. तोवर एकदा खरा रोल घालून ठेवा हां.’” “मग?” “मुंबईहून मागवला.” त्यांनी मांडीवरचा कॅमेरा माझ्यापुढे धरला. रोलवरचे आकडे दिसतात त्या मागच्या लाल खिडकीत अजून पहिल्याच फोटोचा आकडा होता.