जुनीच बरी

पाच लाखांच्या पॉलिसीत आज काय होतं? दिवा स्टेशनजवळ घराची मोरीपण येत नाही तेवढ्यात! किती वेळा सांगितलं महेंद्रला, ती बंद कर आणि चांगली पन्नास लाखांची घे. उद्या तुला काही झालं तर मी आणि आपल्या एवढ्याशा चिनूने काय करायचं? नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, "जुनीच बरी आहे गं." आळशी नुसता.

शेवटी रविवारी मीच कळव्याच्या शिर्केकाकांना घरी बोलावलं. काका विम्याचे एजंट. ते फॉर्ममधला एकेक प्रश्न वाचत होते आणि महेंद्रच्या आधी मीच उत्तरं देत होते.

"दारू, सिगारेट?"

"छे! सुपारीचं खांडसुद्धा खात नाही."

"काही आजार?"

"साधी सर्दी होत नाही त्याला."

"याआधी कुठल्या कंपनीने विमा नाकारलाय का?"

मला हसूच आलं. "काका, हा कधी कुठे गेलाय विमा काढायला!"

काका 'नाही'वर खूण करणार, तेवढ्यात महेंद्रने त्यांचा हात धरला.

"तिथे 'हो' लिहा, काका. तीन कंपन्यांनी. मेडिकलचे रिपोर्ट बघून."