नऊच्या आधी

घंटा सुनेने स्वतः जाऊन आणली. पितळेची, मुठीत मावेल एवढीच, पण आवाज थेट शेजारच्या जिन्यापर्यंत जाणारा. सासऱ्यांच्या उशाशी स्टुलावर ठेवायच्या आधी तिने ती त्यांच्या देखत दोनदा खणखणीत वाजवून दाखवली.

"बाबा, काही लागलं की वाजवायची. पहाटे चारला लागलं तर चारला. कळलं ना?"

"कळलं गं," सासरे म्हणाले. "पण एवढ्या आवाजाची कशाला आणलीस?"

खुब्याचं ऑपरेशन होऊन ते आजच घरी आले होते. चाळीस वर्षं बेकरीच्या भट्टीपुढे काढलेला माणूस. लोकांना पाव सकाळी लागतो, म्हणून हे तीनला उठणार. भट्टी सुटली, पण तीनचं उठणं काही सुटलं नाही. सून वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्रपाळीला पानं लावायची, रात्री अडीचला घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकायची. हिचा डोळा लागायला आणि यांचा उघडायला एकच वेळ. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात ही दोनच माणसं, आणि दोघांत मिळून एक झोप धड नाही.

मग एका पहाटे सासऱ्यांच्या हातून पातेल्यावरचं झाकण पडलं आणि तिचा तोल गेला. "नऊच्या आधी मला या घरात टाचणी पडलेलीसुद्धा ऐकू यायला नको!" ती बोलली आणि विसरून गेली. सासरे विसरले नाहीत. त्यांनी खुर्चीच्या पायांना जुने मोजे चढवले, चहा रात्रीच थर्मासमध्ये भरून ठेवू लागले, स्वयंपाकघरातली डुगडुगणारी फरशी चुकवून चालायला शिकले. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचे. नवाच्या ठोक्याला मात्र रेडिओ मोठ्याने लावायचे. तेच तिचं उठायचं घड्याळ. आमचे बाबा म्हणजे मांजराच्या पावलांचे, असं ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

तीन आठवड्यांपूर्वी नऊ वाजून गेले तरी रेडिओ लागला नाही. सासरे न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर सापडले. पाय वेडावाकडा झालेला, टॉवेलचं टोक दातांत घट्ट धरलेलं. पहाटे पाचपासून तसेच पडून होते. पडल्या पडल्या हात लांब करून नळ तेवढा बंद केला होता, बादलीत पाणी पडल्याचा आवाज नको म्हणून.

"अहो, हाक तरी मारायची!" ती रडत ओरडली होती.

"मारणारच होतो," ते म्हणाले होते. "नऊ वाजले की."

डॉक्टरांना, शेजारणीला, फोनवर नवऱ्याला, तिने सगळ्यांना एकच सांगितलं. मी गाढ झोपेत होते, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. ते खोटं होतं. पहाटे काहीतरी धप्पकन पडल्याचं तिने ऐकलं होतं. झालं यांचं सुरू, असं मनाशी म्हणत तिने कूस बदलली होती आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं होतं. आता एकदा बाबांनी आपल्याला झोपेतून उठवावं आणि आपण धावत जावं, एवढंच तिला हवं होतं. घंटा त्यासाठी होती.

तिने रजा काढली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे चारपासून ती टक्क जागी राहिली. पाच वाजले. साडेपाच वाजले. घंटा काही वाजेना. सहा वाजून गेले तसं तिला राहवेना, ती उठून त्यांच्या खोलीत गेली.

सासरे छताकडे बघत पडले होते. चादर ओली झाली होती. कालचं वर्तमानपत्र, तिनेच लावलेली पानं, त्यांनी कशीबशी अंगाखाली सरकवली होती. ती दिसताच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाबा, घंटा का नाही वाजवलीत?"

तिने घंटा उचलून उलटी केली. आतल्या लोलकाला हातरुमाल गुंडाळला होता. वर बेकरीत पुड्यांना मारायचे तशी दोऱ्याची पक्की गाठ.

"रात्री हात लागून पडली असती," ते भिंतीशीच पुटपुटले, "तर उगाच जागी झाली असतीस."

तिने घंटा हलवून पाहिली. आतून नुसतं धप्प झालं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"बाबा, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे. मी पडलो, आणि तुझा पलंग करकरला. म्हटलं, मोडली पोरीची झोप. मग मी हूं की चूं केलं नाही." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "परत लागली होती ना गं?"

तिला खोटं बोलवेना.

"लागली होती," ती म्हणाली.

"मग बरं झालं," म्हणत त्यांनी ओली चादर स्वतःच्या हाताने अंगाखालून ओढायला सुरुवात केली. "जा, पड जरा. नऊला अजून अवकाश आहे."