घरच्या माणसाने भरायची वही

कप भिंतीवर आपटला तेव्हा मुलगी अभ्यासाला बसली होती. तिने मान वर केली नाही. पुस्तकावर उडालेले थेंब बाहीने टिपले आणि पान उलटलं.

"याला कॉफी म्हणतात? नुसतं काळं पाणी," टाइमकीपर ओरडला. तो बस डेपोत गाड्यांच्या वेळा नोंदवायचा. घरात त्याच्या रागाला मात्र काळवेळ नव्हती. "रोज असलं पाणी पोटात गेल्यावर माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?"

बायकोने फडकं आणून भिंत पुसली.

कॉफीचा तब्येतीवर काय परिणाम होतो, याचा इस्पितळात अभ्यास चालू होता. डेपोतल्या बारा जणांनी स्वयंसेवक म्हणून नावं दिली, त्यात हाही. सहा आठवड्यांचा मामला. प्रत्येकाला नुसता आकडा टाकलेला डबा मिळाला. निम्म्या डब्यांत नेहमीची कॉफी, निम्म्यांत कॅफीन काढून टाकलेली. कोणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ती यादी बंद पाकिटात होती. दर शनिवारी जाऊन रक्तदाब मोजून घ्यायचा. शिवाय घरच्या एका माणसाने रोज वही भरायची. झोप कशी, डोकं दुखलं का, चिडचिड किती. चिडचिडीला शून्य ते पाच गुण.

पहिले चार दिवस तो डोक्याला पट्टी बांधून पडला होता. तेवढ्यावरून त्याने ठरवूनच टाकलं की आपल्या वाट्याला कॅफीन काढलेली पोकळ कॉफी आलीय. तेव्हापासून त्याला रान मोकळं मिळालं.

"पाच लिही," जेवण झालं की तो बजावायचा. "त्यांनाही कळू दे, माझी काय दशा करून ठेवलीय ती."

बायको पाच लिहायची. डोकेदुखीच्या रकान्यात दुसऱ्या आठवड्यापासून 'नाही' लिहीत होती. दिवसाचे तिन्ही कप तीच करायची, डेपोत न्यायचा थर्मासही तीच भरायची. स्वयंपाकघरात तो कधी पाण्याचा पेला घ्यायलाही शिरला नव्हता.

यापूर्वी तो फार शांत होता अशातला भाग नाही. आधी बढती अडकली म्हणून चिडायचा, मग गुडघा दुखतो म्हणून, मग वरच्या मजल्यावरचे लोक खुर्च्या ओढतात म्हणून. बावीस वर्षांत कारणं बदलली, आवाज तोच राहिला. पण या वेळचं कारण इस्पितळाने शिक्का मारून दिल्यासारखं होतं.

"वहिनी, थोडं सांभाळून घे गं," नणंद म्हणाली. "त्याचा काय दोष? शास्त्रच आहे ते."

तिसऱ्या आठवड्यात नळ नीट बंद केला नाही म्हणून त्याने मुलीला दाराबाहेर काढलं. पंधरा वर्षांची पोर तासभर जिन्यात उभी होती. शेजारीण वर जाताना म्हणाली, "कॉफीचं ना? ऐकलंय मी." त्या दिवसापासून मुलीने घरात बोलणंच सोडलं.

भावाचा फोन आला. "मागची खोली झाडून ठेवलीय. कधी येताय दोघी?"

"सहा आठवडे होऊ देत, दादा."

"आणि मग तो सुधारेल? पोरीकडे बघ जरा."

"तिच्याकडेच बघतेय. सहा आठवडे म्हटलं ना."

दादाने चिडून फोन ठेवला. चिडणारच. अशा सोसण्याचा कोणालाही संताप येईल. संताप तिलाही येत होता. इतका, की वही भरताना पेनाचं टोक कागदात रुतायचं.

चौथ्या शनिवारी तिने डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "कॉफी सुटल्याचा त्रास किती दिवस राहतो?"

"साधारण आठ-दहा दिवस," डॉक्टर म्हणाल्या. "का हो ताई?"

"यांचा चौथा आठवडा चालू आहे."

डॉक्टरांनी वही चाळली. "काही जणांना जास्त होत असेल. त्यांना हा अभ्यास सोडायचा असेल तर आज सोडू देत. सक्ती अजिबात नाही."

घरी येताना तिने त्याला तसं सांगितलं.

"मी शब्द दिलाय," तो छाती काढून म्हणाला. "अर्धवट सोडणाऱ्यांतला नाही मी."

कसा सोडेल? अशी सोय पुन्हा कुठे मिळणार होती.

शेवटच्या शनिवारी तिघंही गेले. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, यादीवरून बोट फिरवलं. "कॅफीन काढलेली," त्या म्हणाल्या.

त्याने टेबलावर थाप मारली. "सांगत नव्हतो मी?" मग मुलीकडे वळला. "ऐकलंस? बाप वाईट नाही तुझा. उगाच तोंड पाडून बसायची."

मुलीने खुर्ची आईच्या बाजूला सरकवली.

डॉक्टर खुशीत होत्या. "ताई, तुमच्याइतकी नेटकी वही कोणीच भरली नाही. एकही दिवस चुकला नाही. चिडचिड सहा आठवडे टिकते, हे आम्हालाही नवीन आहे. या नोंदींचा फार उपयोग होईल. आजपासून यांना नेहमीची कॉफी सुरू करा, आठवड्याभरात पहिल्यासारखे होतील."

"झालं तर मग," तो हसून म्हणाला. "घरी चला. मस्त कडक कॉफी कर."

ती उठली. मुलीचा हात धरून तिला उठवलं. "मामा खाली गाडी घेऊन थांबलाय," ती तिला म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली.

"वहीतला आकडा न् आकडा खरा आहे, डॉक्टर. पण पहिल्याच रविवारी यांचे हाल बघवेनात, म्हणून मी तुमचा डबा मोरीत ओतला आणि त्यात बाजारातली कडक कॉफी भरली. तेव्हापासून हे तीच पितायत."