लिलावाच्या सुरातला आवाज

“ज्या मशीनमुळं मी आज बोलतोय, ते नुसती जागा अडवतं म्हणून तुम्ही भंगारात काढायला निघालात, तेही एकदा डोळ्यांनी न बघता,” हणमंत गवांदे विद्यापीठाच्या समितीला म्हणाला.

कर्करोगात त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. आता गळ्याला चिकटवलेली पातळ पट्टी स्नायूंची हालचाल ओळखून त्याच्यासाठी बोलत होती. विद्यापीठाच्या नवउद्योग केंद्रातल्या त्या मशीनवर विशाखा कोळपे आणि तिच्या दोन मित्रांनी ती घडवली होती. पट्टीला शिकवायला त्याचा जुना आवाज हवा होता, आणि सापडली फक्त कांदा मार्केटातल्या लिलावाची रेकॉर्डिंगं. लिलाव तोच पुकारायचा. त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य शेवटी बोलीसारखं चढायचं.

एक सदस्य हसला.

“हसा की. घरीही हसतात. पहिल्या दिवशी बायकोला विचारलं, जेवलीस का? तर म्हणते, केवढ्याला सोडता?”

आता सगळेच हसले. त्याच्या शेजारी बसलेल्या विशाखानं मान खाली घातली. सूर सपाट करून देते काका, असं ती कितीदा म्हणाली होती. त्यानंच नको म्हटलं होतं. जिनं मुकेपण संपवलं, त्या पोरीकडं आणखी काय मागायचं?

“या पोरांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत,” तो म्हणाला. “पण पट्टी झिजते, आणि नवी त्याच मशीनवर बनते. काढा खुशाल भंगारात. फक्त आधी माझ्या घरी या आणि शेवंताला समोर बसून सांगा, की तुझा नवरा पुढच्या महिन्यापासून का बोलणार नाही. तुमच्यापैकी कोण येतंय?”